डीपासून पुढचं इंग्रजी

इंग्रजी आता आठवीपासून, असं सरकारनं ठरवलं तेव्हा मी नुकतीच चौथी पास झाले होते. पाचवीत गेलं की इंग्रजीचं पहिलं पुस्तक हातात पडणार म्हणून मी वर्षभर वाट पाहिली होती. चुलतभावाचं जुनं पुस्तक मागून आणून त्याला खाकी कव्हरसुद्धा घालून ठेवलं होतं. शाळा सुरू झाली आणि बाईंनी सांगितलं, इंग्रजी नाही, तीन वर्षांनी. वर्गातल्या बहुतेक मुली खूश झाल्या. मी घरी येऊन ते कव्हर टराटरा फाडलं आणि आईचा मार खाल्ला.

आमच्या पार्ल्याच्या आळीत एक गृहस्थ राहत. मुलांना स्वभाषेतूनच शिकवलं पाहिजे, यावर ते संध्याकाळी ओट्यावर बसून तासतासभर बोलत आणि आमचे वडील माना डोलवत. त्याच जूनमध्ये या गृहस्थांनी आपल्या मुलीचं नाव आमच्या शाळेतून काढलं आणि तिला अंधेरीच्या कॉन्व्हेंटात घातलं. निळा स्कर्ट आणि पांढरे मोजे घालून ती रोज आमच्या दारावरून जायची. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही त्या पांढऱ्या मोज्यांचा मला राग येतो. त्या पोरीचा नाही, तिचं काय चुकलं होतं? राग ओट्यावरच्या त्या भाषणांचा आहे, आणि त्याहून जास्त आमच्या डोलणाऱ्या मानांचा.

वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी लिहिलेल्या मसुद्यात साहेब एखाद्या शब्दाखाली लाल पेन्सिल ओढायचा आणि दुसरा शब्द घाला म्हणायचा. वडिलांकडे दुसरा शब्द नसायचा. मग शेजारच्या टेबलावरच्या मद्राशी कारकुनाला विचारायचं, तो हसून सांगणार, आणि हे घरी येऊन जेवताना गप्प बसणार. त्यामुळे त्यांचं एक पक्कं मत झालं होतं. इंग्रजी म्हणजे शब्द. ज्याच्याजवळ शब्द जास्त त्याचं इंग्रजी मोठं, बाकी व्याकरण वगैरे मागाहून येतं. सरकार शिकवत नाही ना, मग मी शिकवतो, असं म्हणून ते कामाला लागले.

आमच्याकडे दिवेलागणीला परवचा असे. देवापुढे दिवा लागला की आम्ही भावंडं ओळीनं मांडी घालून बसायचो आणि पाढे, श्लोक, तिथी, नक्षत्रं मोठ्यानं म्हणायचो. वडिलांनी नक्षत्रांच्या पुढे इंग्रजी शब्द जोडून दिले. रोज दहा. शब्द तीनदा, अर्थ एकदा, पुन्हा शब्द, आणि सगळं पाढ्यांच्याच चालीवर, डोलत. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला वाटावं की आत काही स्तोत्र चाललंय. धाकट्या दोघांनी महिन्याभरात पोटदुखीची सोंगं काढून आपली सुटका करून घेतली. मी सात वर्षं बसले.

शब्द ज्या कोशातून यायचे तो वडिलांनी जुन्या बाजारातून आणला होता. त्याची पुढची सगळी पानं वाळवीनं खाल्ली होती. कोश सुरू व्हायचा तो डीच्या मध्यावर. वडील म्हणाले, त्यात काय, ए बी सीचे शब्द पुढे शाळेत शिकवतीलच. शाळेनं काय शिकवलं ते सोडाच, पण माझं इंग्रजी डीपासून पुढे सुरू होतं हे खरं. इनएव्हिटेबल, लॅबोरियस, मॅग्नॅनिमस, टेनेशियस, असले शब्द मला झोपेत विचारले तरी अर्थासकट यायचे. एस.एस.सी.ला इंग्रजीच्या निबंधात मी असे इतके शब्द कोंबले की तपासणाऱ्याला घाम फुटला असेल. मार्क चांगले पडले. वडिलांनी पेढे आणले.

कॉलेजात गेल्यावर वाट लागली. एकदा चपलेचा अंगठा तुटला आणि मला तासाला उशीर झाला. प्रोफेसरांनी इंग्रजीत कारण विचारलं. चपलेला इंग्रजी शब्द होता, पण अंगठा? तुटला, उसवला, खिळा निघाला, यातलं मला काही म्हणता येईना. कोशातले शब्द धावून आले आणि मी म्हणाले, ‘इनएव्हिटेबल मिसफॉर्च्यून, सर.’ अख्खा वर्ग हसला. पांढऱ्या मोज्यांवाल्या तीन-चार जणी पहिल्या बाकावर होत्या, त्या तर डोळे पुसत होत्या. मी हातात चप्पल धरून उभी. त्या दिवशी घरी आले आणि धाकट्यांचा परवचा संपल्यासंपल्या वडिलांवर तुटून पडले. हत्तीएवढे शब्द दिलेत, मुंगीएवढा एक दिला नाहीत. आईच ओरडली, बापाशी असं बोलतात का गं?

इंटर पास झाले तेव्हा घरात दोन गोष्टी एकदम उभ्या राहिल्या. मला बी.ए. करायचं होतं, आणि मुलुंडहून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण त्यांना पुढे शिकणारी किंवा नोकरी करणारी सून नको होती. ते घाई करत नव्हते, पुढच्या उन्हाळ्यात मुलाच्या धाकट्या भावाची मुंज आहे तोवर थांबू म्हणाले. वडिलांनी मला बसवून सांगितलं, ‘येत्या जूनपर्यंत तुला शाळेत नोकरी लागली तर सकाळच्या कॉलेजात नाव घाल, मी मुलुंडला नाही म्हणून कळवतो. नाही लागली तर हो म्हणायचं.’ त्यांच्या दृष्टीनं हे फार उदार होतं. मीही त्या वेळी त्यांचे पाय धरले. आता वाटतं, शिकायची परवानगी मिळाली म्हणून पाय धरायला लागावेत, हाच केवढा संताप आणणारा प्रकार होता.

दिवाळीनंतर वडिलांच्या कचेरीतल्या एका ख्रिस्ती गृहस्थानं निरोप आणला. अंधेरीच्या त्याच कॉन्व्हेंटात स्पेन देशाहून एक नवी सिस्टर आली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिला शब्द शिकवायला कोणीतरी हवं होतं. शाळेतल्या बायकांना सुटल्यावर शिकवण्या असत, त्यांना वेळ नव्हता. मदरला बहुधा रिकामी, शिकलेली आणि काही न मागणारी मुलगी हवी होती. तशी मी होतेच.

मदर आयर्लंडची. इंग्रजी तिचं घरचं आणि मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता, इथे येऊन पंधरा वर्षं झाली होती तरी. तिनं माझ्याशी पाच मिनिटं बोलून घेतलं आणि म्हणाली, ‘जूनमध्ये दुसरीच्या वर्गाला इंग्रजीची टीचर लागणार आहे. तुम्ही सिस्टरला तयार करा, ती जागा तुमची.’ ती जागा तुमची, हे तिचे शब्द. मी पार्ल्यापर्यंत चालत आले ती जमिनीवरून चालत नव्हते. बिस्किटांच्या कारखान्याचा वास रोजचाच, पण त्या दिवशी तो खास माझ्यासाठी सोडलाय असं वाटत होतं.

सिस्टर तिशीच्या आतली, गोल चेहऱ्याची, सारखी हसणारी. पहिल्या दिवशी मी माझी वही उघडली आणि माझ्या भात्यातले उत्तम शब्द काढले. मॅग्नॅनिमस, म्हटलं. ती म्हणाली, ‘सी, सी, माग्नानिमो!’ मी म्हटलं लॅबोरियस. ती म्हणाली, ‘लाबोरिओसो.’ एडिफिस म्हटलं तरी तिच्याकडे तयार, नॉक्टर्नल म्हटलं तरी तयार, इनएव्हिटेबल तर जवळजवळ तस्संच. मी पानामागून पान उलटत होते आणि ती टाळ्या वाजवत होती. ज्या शब्दांसाठी मी सात वर्षं देवासमोर डोलले, ते तिला आईच्या दुधाबरोबर मिळाले होते! स्पॅनिश आणि इंग्रजी या दोघींनी हे मोठे शब्द एकाच म्हातारीकडून, लॅटिनकडून, उचललेले आहेत हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की माझी सगळी जमापुंजी तिच्याकडे फुकट होती. मी वही मिटली. तिच्या हसण्याचासुद्धा मला राग आला.

मग तिनं आपल्या झग्याची खालची दुमडलेली कड हातात धरली आणि खुणेनं विचारलं, याला काय म्हणतात? मला येईना. दाराच्या कडीकडे बोट दाखवलं. येईना. गुडघ्यावरची खपली, उचकी, शेंबूड, केसातल्या लिखा, लहान पोरांच्या गळ्यात बांधायचं फडकं. लहान वर्गांतल्या पोरींना सांभाळायचं तर हेच शब्द लागणार होते. तिला मोठे शब्द येत होते, मला मोठे शब्द येत होते, आणि बारक्या शब्दांच्या बाबतीत आम्ही दोघी सारख्याच अडाणी. मी मान ताठ ठेवून म्हटलं, उद्या सांगते.

त्या कॉन्व्हेंटात एक आया होती. वेसाव्याची कोळीण, पन्नाशीची. नवरा समुद्रातून परत आला नाही तेव्हा मासळीची पाटी सोडून ती लढाईच्या वर्षांत जुहूच्या बाजूला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात पोरं सांभाळायला राहिली होती. साहेब विलायतेला गेला आणि ती इथे आली. मागच्या पडवीत बसून ती पोरींचे सुटलेले बंद शिवायची, डोकी विंचरायची, ओकाऱ्या पुसायची. तिला लिहायला वाचायला कुठल्याच भाषेत येत नव्हतं. मी तिच्याजवळ गेले. मला हे येत नाही, सांग, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी इंटर झालेली, पार्ल्याची, आणि कोळणीला इंग्रजी विचारू? म्हणून मी मास्तरकीचा आव आणला आणि म्हणाले, ‘आया, तुला ठाऊक आहे का गं, लिखांना इंग्रजीत काय म्हणतात?’

तिनं सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. ‘काय गो बाय, परीक्षा घेतंस माझी?’

‘हो, बघू येतं का तुला.’

‘निट्स,’ ती म्हणाली. ‘मेमसाब रोज बोलायची. अजून इचार.’

मी विचारत गेले. हेम, लॅच, स्कॅब, हिकप, बिब, ती सांगत गेली. मी पाठ फिरवून भिंतीच्या आड ते वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी सिस्टरसमोर ते असे काही म्हटले की जणू आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तेच बोलतात. मग हा रोजचा रिवाज झाला. दुपारी तीनला पडवीत आयाची परीक्षा, साडेतीनला सिस्टरचा पाठ. आयाला माझं सोंग पहिल्याच दिवशी कळलं होतं, याची मला आता खात्री आहे. ती तरीही उत्तरं देत राहिली. वयानं माझ्या आईएवढी बाई, आणि मी तिला अगंतुगं करत तिची परीक्षा घेत होते.

पाठ करायची रीत मात्र माझी होती. सिस्टरला शब्द समजायचे, राहायचे नाहीत. एक दिवस मी वैतागून तिला जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि सरळ परवचा सुरू केला. वस्तू हातात धरायची, शब्द तीनदा, मग ती काय कामाची ते एका वाक्यात, पुन्हा शब्द. पाढ्यांच्या चालीवर, डोलत. सिस्टरला हे बेहद्द आवडलं. त्यांच्या जपमाळेसारखं आहे म्हणाली. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ती एकटीच व्हरांड्यात येरझारा घालत लॅच, लॅच, लॅच करायची. तिनं चार महिन्यांत जे उचललं ते पाहून मलाच माझा अभिमान वाटायला लागला. एका दुपारी आयानं सहज विचारलं, ‘शिस्टरला सांगितलंस काय गो, कोनी शिकवलं ते?’

‘सांगते ना,’ मी म्हटलं. सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये शाळेत पाहुण्या आल्या. दुसऱ्या शाळांच्या मुख्याध्यापिका होत्या, दोन-तीन इन्स्पेक्टर बायका होत्या. मदरनं सिस्टरला पहिलीतल्या वीस पोरी देऊन पाठ घ्यायला सांगितला. मला बोलावणं आलं म्हणून मी ठेवणीतली साडी नेसून गेले. माझं काम काय, तर वस्तूंचा ट्रे धरून सिस्टरच्या बाजूला उभं राहायचं! ट्रेवरचं फडकं बाजूला करून सिस्टर एकेक वस्तू उचलायची आणि वीस पोरी माझ्या वडिलांच्या चालीवर डोलत तिचं नाव म्हणायच्या. चाळण, सुई, अंगुस्तान, बिब. पाहुण्या चकित झाल्या. एकीनं विचारलं, ही पद्धत कुठली? मदर म्हणाली, ‘सिस्टरची स्वतःची. स्पेनहून आणलेली आहे.’ टाळ्या झाल्या. सिस्टरला ते वाक्य नीट कळलं की नाही देव जाणे. तिनं माझ्याकडे पाहून हसून मान हलवली आणि पुढची वस्तू उचलली. मला वाटत होतं, ट्रे तिथेच आपटावा, ओरडावं, की ही पार्ल्याची रीत आहे, आमच्या देवघरापुढची आहे. मी ट्रे धरून उभी राहिले. जूनची जागा डोळ्यासमोर होती ना.

पाहुण्या गेल्यावर मी तडक पडवीत गेले आणि आयासमोर सगळं ओकले. चोरी आहे ही, म्हटलं. धडधडीत चोरी. माझी पद्धत, माझी मेहनत, आणि कौतुक तिचं, कारण ती गोरी आहे. आया ट्रेमधल्या वस्तू पुसून जागच्या जागी ठेवत होती.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘रीत तुझी. आन् शब्द?’

‘शब्द काही कुणाच्या मालकीचे नसतात,’ मी फाडकन म्हटलं.

ती पुन्हा वस्तू पुसायला लागली. मला तर आपण किती छान उत्तर दिलं असंच वाटलं.

मे महिन्यात मुलुंडकरांची मुंज झाली. आम्हाला बोलावणं होतं, वडील एकटेच जाऊन आले आणि येताना म्हणाले, ते लोक आता उत्तर मागतायत. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे. वडील कचेरी सुटली की सभेला जायचे, मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून ओरडायचे आणि बसलेला घसा घेऊन घरी यायचे. आई त्यांना हळद-दूध द्यायची. शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात मला मदरचा निरोप आला. निघताना वडील त्याच बसलेल्या आवाजात म्हणाले, ‘इंग्रजीचीच जागा आहे ना? नीट विचारून घे. उगाच मराठीबिराठी गळ्यात मारतील.’ मराठी राज्यासाठी घसा फोडणाऱ्या माणसाचं हे वाक्य. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, छे, मराठी कशाला?

फाटकातच सिस्टर भेटली. ती हसत नव्हती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि तिच्या नव्या इंग्रजीत सांगितलं की दुसरीचा वर्ग तिला दिला आहे. तिनं मागितला नव्हता. त्यांना विचारत नाहीत, सांगतात, आणि सांगितलं की हो म्हणायचं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाक्य अगदी बिनचूक होतं, एकही शब्द अडला नाही, आणि ते सगळे शब्द मी दिलेले होते. मी हात सोडवून घेतले. आजही मला तिची दया यायला हवी असं लोक म्हणतील. मला त्या वेळी आली नाही आणि आता आणायचीही नाही.

मदरनं मला बसायला सांगितलं. ती म्हणाली, पालकांना गोरी सिस्टर इंग्रजी शिकवते म्हटलं की बरं वाटतं, तुमचे उच्चार जरा इथले आहेत, तुम्ही समजूतदार आहात. मी म्हटलं, सिस्टरला हे उच्चार मीच शिकवले. ती म्हणाली, हो, त्याबद्दल आम्ही फार आभारी आहोत. मी म्हटलं, तुम्ही वचन दिलं होतं. ती म्हणाली, म्हणून तर तुमच्यासाठी दुसरी जागा काढली आहे. तेवढ्यात आया चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि मदरच्या टेबलावर कप मांडायला लागली. मदरनं एक कागद माझ्यापुढे सरकवला. यंदापासून वरच्या वर्गांना मराठी ठेवणार आहोत, म्हणाली. तुम्ही मराठी शिकवाल.

सात वर्षांचा परवचा, चपलेचा अंगठा, पांढरे मोजे, ट्रे, सगळं एकदम वर आलं. बाकी सगळं हिसकावून घेऊन ही बाई माझ्या हातात काय ठेवते, तर मराठी! पाहुण्याला मेजवानी वाढून घरच्या पोरीला खरवड द्यावी तसं. मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता, कोश न आठवता, अस्सल इंग्रजीत बोलले. ‘मराठी? ती शिकवायला मी कशाला हवी? इथली कुठलीही नोकराणी शिकवेल.’

आयाच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. मदरला त्याचं काही नव्हतं. आया सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे बघून शांतपणे मराठीत म्हणाली, ‘सर्वंट म्हंजे मीच ना गो? मंग मना दे ती नोकरी. मीच शिकवीन पोरींना.’

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाला मी कधी घाबरले नाही. ती फक्त विचारत होती. इतके महिने मी तिच्याकडे शब्द मागत होते, हे तिचं पहिलं मागणं.

मदरनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘काय म्हणते ती?’

खोलीत आम्ही तीन बायका होतो. एकीला मराठी येत नव्हतं. दोघींना दोन्ही भाषा येत होत्या, त्यातली एक मी. आयाचं बोलणं इंग्रजीत सांगायला एकही अवघड शब्द लागणार नव्हता. सगळे बारके शब्द होते, आणि ते मला तिनंच दिले होते.

‘चहा निवतोय म्हणते,’ मी मदरला इंग्रजीत म्हटलं.

आयाला ते अर्थातच कळलं. तिनं माझा कप उचलून माझ्यासमोर ठेवला, ट्रे काखेत मारला आणि ती निघून गेली. मदरनं पेन पुढे केलं. मुलुंडचे लोक उत्तर मागत होते, सकाळच्या कॉलेजात नाव घालायची मुदत शनिवारी संपत होती. मी खाली बसले आणि मराठीच्या जागेवर सही केली.